भिकेचं दुपटं

मला रिकाम्या हातानं बसता येत नाही. सून म्हणते, "आई, आता तरी गप बसा की जरा." मी गप बसते, पण हात ऐकत नाहीत. डोळ्यांनी कधीचा दगा दिलाय, सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, तरी मांडीवर चिंध्यांचं गाठोडं असल्याशिवाय माझी दुपार सरत नाही. हे वेड लहानपणापासूनचं. आणि ऐन धबडग्याच्या वयात, श्वास घ्यायला सवड नव्हती, तेव्हाच ते सगळ्यांत जास्त होतं.

तेव्हा आम्ही नंदुरबारला होतो. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं. आमचे हे कापसाच्या जिनात काट्यावर होते, म्हणजे आलेल्या गाड्यांचं वजन करायचं काम. घरात सासूबाई, माझी मोठी मुलगी आणि एक मारकुटी म्हैस. पहाटे जातं, मग विहीर, मग म्हैस, मग चूल, मग मुलीच्या वेण्या, तिची शाळा, ह्यांची भाकरी. दुपारची भांडी घासून झाली की जेमतेम घटकाभर माझी. त्या घटकेत शहाण्या बाया पडून घ्यायच्या. मी दुपटी शिवायला बसायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या म्हणायच्या, "हाई वहू मरनी तरी हातमा सुई ऱ्हाई." मी म्हणायची, "राहू द्या, वरती कुणाचं तरी फाटलेलं असेलच." घरात, गल्लीत सगळे अहिराणीच बोलायचो, पण मी शाळेत चौथी झालेली, त्यामुळे माझ्या तोंडात पुस्तकातली मराठी यायची, आणि त्यावरून माझी कायम थट्टा चालायची.

आमच्या ओट्यावर तिघी जमायचो. एक मी. दुसरी शेजारची गुजराची सून, माहेर तापीकाठचं, मण्यांचं काम असं करायची की बघत राहावं. डोक्यावर घागर ठेवायची चुंबळसुद्धा ती मण्यांनी मढवायची. पाणी भरायचं की मिरवायला जायचं, असं आम्ही तिला विचारायचो. आणि तिसरी समोरच्या रंगाऱ्याची बायको. मुसलमान घर, पिढ्यान्पिढ्या गावातलं. तिला सगळी गल्ली भाभीच म्हणायची. घरी ती आपल्या नवऱ्याशी त्यांच्या हिंदीत बोलायची आणि आमच्याशी आमच्यापेक्षा चांगली अहिराणी. आकडीच्या सुईनं टोपी विणायची, झालर विणायची. लढाईमुळे सूत मिळेनासं झालं तेव्हा ती जुने मोजे उसवून त्याचा दोरा करायची. रंग येत नव्हता, कापड येत नव्हतं, नवऱ्याच्या भट्ट्या थंड पडल्या होत्या, पण बाईचं तोंड कधी उतरलेलं मी बघितलं नाही.

आमच्यात एक रीत होती. एकीच्या हातचं काही दुसरीकडे गेलं की दुसरीच्या हातचं काही परत यायलाच हवं. विकत आणलेलं चालायचं नाही. मी भाभीच्या लेकीला दुपटं दिलं, तिनं माझ्या मुलीला झालरीचा परकर दिला. गुजरणीनं चुंबळ दिली, मी तिला उशीचा अभ्रा दिला. कुणी ठरवलं होतं असं नाही. पण परत द्यायला उशीर झाला तर ओट्यावर टोमणे सुरू व्हायचे. "काय व, सुई गंजनी का तुन्ही?" काय मजा होती त्यात! चुलीवर आमटी उकळत असायची आणि माझं डोकं मात्र, निळ्याला पिवळं लावावं की तांबडं, यात अडकलेलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

मोठ्या मुलीनंतर मला दोन मुलगे झाले. एकाला महिना लागायच्या आत नेला. दुसरा बसायला लागला होता, मला बघून दोन्ही हात उचलायचा, तोही गेला. त्या दोघांबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला लिहवत नाही. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हा माझी झोप उडाली. ह्यांना मी म्हटलं, "हाही गेला तर मी तापीत जाऊन बसेन." हे रात्रभर कूस बदलत राहिले.

मुलगा झाला. बारसं करायचं नाही, नाव ठेवायचं नाही, असं आत्याबाईंनी आधीच ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "ह्याले भिकेचा करानं."

आमच्याकडे ही रीत होती, आणि अजूनही कुठंकुठं असेल. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिनं पाच घरी जायचं. अशी घरं की जिथं लेकरू नांदतं आहे. पदर पसरायचा, भीक मागायची, आणि त्या लेकराच्या अंगावरची चिंधी आणायची. त्या चिंध्यांचं झबलं, त्या चिंध्यांचं दुपटं. बाळाला त्याच्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. म्हणजे हे पोर कुणाचंच नाही, भिकेचं आहे, टाकाऊ आहे, असं 'त्याला' वाटतं आणि तो दुसरीकडे बघून पुढं जातो. 'त्याला' म्हणजे कुणाला, ते नाव आत्याबाई तोंडातून काढत नसत.

आणि याची एक अट होती. त्या पाच घरांना परत काही द्यायचं नाही. बाळाचं जावळ प्रकाशा गावी तापीवर निघेपर्यंत काही म्हणजे काही नाही. "सुई नही, पानी नही, चिमूटभर मीठबी नही," आत्याबाईंनी बजावलं. "परत दिधं तं ती भीक नही ऱ्हात. सौदा व्हई जास. मंग त्याले समजी जास का ह्या पोरले मोल शे."

मी मान हलवली. जगवायला कुणी मला निखाऱ्यावर चाल म्हटलं असतं तर चालले असते. पण खरं सांगते, भीक मागणं सोपं नव्हतं. जन्मात कुणाचं घेऊन मी ठेवून घेतलं नव्हतं. दोन घरी गेले तेव्हा पदर पसरला आणि तोंडातून शब्दच फुटेना, त्या बायांनीच ओळखून चिंधी टाकली. तिसरं घर गुजरणीचं. तिनं मुलाच्या कुंचीचा रेशमी काठ कापून दिला आणि आत जाऊन रडली, ते मला बाहेर ऐकू आलं. चौथं एका तेल्याचं.

पाचवं घर भाभीचं होतं. तिला ती एकच लेक, तेव्हा दोन वर्षांची असेल. गुटगुटीत, कुरळ्या केसांची, सदा नाक वाहणारी. मी दारात उभी राहिले, पदर पसरला आणि म्हटलं, "भीक वाढ व माय. लेकराले चिंधी दे."

भाभी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "भीक कसाले मांगस व बहीन? हाक मारती तं मीच लई येती."

मी म्हटलं, "मागावीच लागते. तशी रीत आहे."

लेक अंगणात मातीत खेळत होती. भाभीनं तिला उचललं, तिच्या अंगावरचं झबलं वरून ओढून काढलं आणि माझ्या पदरात टाकलं. गाठोड्यातलं जुनं नाही, फाटकं नाही. अंगावरचं. त्या झबल्याला अजून पोरीच्या अंगाची ऊब होती. पोरगी उघडी उभी, आणि आईनं गंमत केली असं वाटून हसत होती.

मी घरी येऊन दुपटं शिवलं. आयुष्यात शेकडो शिवली असतील, त्याच्यासारखं भीत भीत एकही शिवलं नाही. मधोमध ते झबलं उसवून लावलं, कडेनं बाकीचे तुकडे. रंगाला रंग लागत नव्हता. मी तो लावायचा प्रयत्नही केला नाही, सुंदर करायचं नव्हतंच. आत्याबाई सारख्या म्हणायच्या, "वाईट कर, वाईट कर."

बाळ जगलं. महिना गेला, दोन गेले, तो मान धरायला लागला, पालथा पडला. मी रोज सकाळी उठून आधी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. मग चूल पेटवायची.

एक दिवस काय झालं, भाभीनं विणलेलं टोपडं तिच्या लेकीच्या हाती पाठवलं. पोर तुरुतुरु आली, टोपडं माझ्या मुलीच्या हातात दिलं. माझी मुलगी चिंध्यांची बाहुली करत बसली होती. तिला आपली ओट्याची रीत पाठ. घेतलं की द्यायचं. तिनं ती बाहुली पोरीच्या हातात ठेवली. पोरीनं ती छातीशी धरली आणि वळली, तेवढ्यात आत्याबाई आतून धावत आल्या. मी त्यांना तसं धावताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी पोरीच्या हातातून बाहुली हिसकावून घेतली. पोरगी आधी नुसती बघत राहिली. मग असा हंबरडा फोडला की समोरून भाभी ओल्या हातांनी पळत आली.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. अट तिला मी सांगितलीच नव्हती. कोणत्या तोंडानं सांगणार होते? तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाभीनं ऐकून घेतलं. "मंग पहिले सांगतीस ना, येडी," ती म्हणाली. "मी आपली रोज वाट देखी ऱ्हायनी, हाई परत काही देस नही, रागे शे का काय म्हनीसन." असं म्हणून ती हसली, लेकीला कडेवर घेतलं आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "त्या घरनं काही लेवानं नही, हां. भाऊले बाधी."

त्या दिवसापासून ती पोर आमच्या ओट्यावर आली की दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहायची. तिच्या आईनं शिकवलं असेल, की तिनं आपणच ठरवलं असेल, कोण जाणे. बाळाकडे वाकून वाकून बघायची, त्याच्याशी बोलायची, पण हात मागंच. माझी मुलगी मुद्दाम तिला चिडवायची, "घे ना, घे ना," म्हणून मुठीतलं काहीतरी दाखवायची. ती जोरजोरात मान हलवायची. मला आधी हसू यायचं. पुढं पुढं ते बघवेना.

भाभीनं देणं मात्र थांबवलं नाही. द्यायला कुठं मना होतं? बाळाला टोपडं, पायमोजे, गळ्यातला गोफ. माझ्या मुलीला परकराची झालर. मी म्हणायची, "भाभी, बस कर, मला भार होतो." ती म्हणायची, "व्हऊ दे. जावळ निंघनं म्हंजे एकदम लिसू, याजसकट." आणि डोळे मिचकावायची. पण मी तिच्या घरात काय चाललंय ते बघत होते ना. रंगारी दिवसदिवस ओट्यावर नुसता बसून असायचा. त्याच्या नखांतला निळा रंग जो वर्षानुवर्षं कधी गेला नव्हता, तो जायला लागला होता. पोरीच्या अंगावर एकच कुडतं असायचं, ते धुतलं की ती वाळेपर्यंत उघडी. मला दिलेल्या झबल्यामुळं, असं मला वाटायचं. आणि मी, जिच्या घरात चिंध्यांनी भरलेली पेटी होती, ती तिला एक ठिगळ देऊ शकत नव्हते. घेऊन घेऊन मी वाकले होते. देणाऱ्याला काय कळणार घेणाऱ्याचं दुःख!

या घराचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मला मध्येच थांबावं लागेल. मुलाचं जावळ प्रकाशाला निघालं, अगदी नीट निघालं. तो आज चांगला संसारात आहे. पण आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं. रंगारी कामाच्या शोधात सुरतेकडे गेला तो बायकोसकट गेला, आणि पुन्हा आमची गाठ पडली नाही. त्या झबल्याच्या बदली मी दिलेलं असं तिच्याकडे काहीही गेलं नाही.

मुलगा वर्षाचा झाला त्या साली पावसाळा सरता सरता हिवताप आला. घराघरात माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत पडलेली. त्यावरचं औषध, कोयनेल, मिळेना, सगळं लढाईवर चाललं म्हणायचे. सरकारी दवाखान्यात रांग लावली तर पातळ कडू पाणी बाटलीत ओतून द्यायचे. आमच्या घरी ह्यांना आला, मुलीला आला, मला आला आणि गेला. बाळाला शिवलासुद्धा नाही. भाभीच्या लेकीला आला तो मात्र राहिला.

मी आत्याबाईंना विचारलं, "जाऊ ना तिच्याकडे?"

त्या म्हणाल्या, "हात दे. वस्तू नको."

मी हात दिले. माझं आवरलं की समोर जायची. पोरीच्या कपाळावर त्यांच्याच रांजणाच्या पाण्याची, त्यांच्याच चिंधीची घडी ठेवायची. त्यांचेच दाणे त्यांच्याच जात्यावर दळून द्यायची. एकदा पोरीला दरदरून घाम सुटला, भाभी बाहेर गेलेली, मी पुसायला आपला पदर पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पदर पुसला तर ते दिलं असं होतं का? हे कुणाला विचारणार होते मी? मग हातानंच पुसला. पोरगी डोळे उघडून म्हणाली, "भाऊ?" मी म्हटलं, "आहे, झोपलाय." तिनं डोळे मिटले.

त्याच दिवसांत विहिरीवर एक बाई, नाव-गाव कशाला सांगू, सगळ्यांसमोर मला म्हणाली, "रंगारननी पोरगीनं अंगवरनं झबलं दिधं ना तुले? त्याना संगे तिना जीवबी दिधा. तुन्हा आंडोर कसा गुटगुटीत व्हई ऱ्हायना, देख."

माझ्या हातात भरलेली कळशी होती. ती मी त्या बाईच्या पायांवर ओतली. सगळीच्या सगळी. आणि म्हटलं, "पुन्हा हे तोंडातून काढलंस तर पुढची कळशी डोक्यावर घालीन." बाया बाजूला झाल्या. मी पुन्हा पोहरा सोडला, पुन्हा भरली, ताठ मानेनं घरी आले. घरी येऊन म्हशीच्या गोठ्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. कारण ती जे बोलली, ते मी तिच्याआधी मनात बोलले होते.

पोरगी गेली ती एका सकाळी, उन्हं वर आल्यावर. मी भाकरी थापत होते. समोरून भाभीचा आवाज आला. तो आवाज मी दोनदा माझ्याच घशातून ऐकला होता, त्यामुळं मला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. परात तशीच टाकून गेले. तिच्याजवळ बसले. तिला धरलं.

मग बाप्ये जमले आणि कापडाची गोष्ट निघाली. मातीत ठेवायला कोरं पांढरं कापड लागतं. एवढीशी पोर, तिला लागून लागून किती लागणार! पण ते नव्हतं. ज्या घरातून आख्ख्या पंचक्रोशीच्या लुगड्यांची ठाणं रंगून गेली, त्या रंगाऱ्याच्या घरात पांढरं कापड नव्हतं. दोघं जण कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानाकडे धावले. ते परत आले, ठाण आलंच नाही म्हणून. मशिदीतून निरोप आला, बघतो, कुणाकडे निघतंय का, संध्याकाळपर्यंत काहीतरी करू. रंगारी उठला आणि मागच्या अंगणात गेला.

माझ्या पेटीत मांजरपाट होता. ह्यांना जिनाच्या कोट्यातून मिळालेला, कोरा, पांढराशुभ्र. बाळाच्या जावळासाठी ठेवलेला. पेटीची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला.

मी घरी गेले. बाळ पाळण्यात झोपलं होतं. आत्याबाई पाळण्याची दोरी ओढत होत्या. म्हटलं, "किल्ली द्या."

त्यांनी ओळखलं. दोरी सोडली नाही. "जावळ निंघू दे," त्या म्हणाल्या. "मंग ठानना ठान दे तिले. मी मना करसू नही."

"मग कुणाला देऊ, आत्याबाई?" मी ओरडले. "मग कुणाच्या अंगावर घालू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बाईनंही आपली लेकरं मातीला दिली होती, माझ्याहून जास्त. सून म्हणून मी त्यांच्यावर कितीदा चिडले असेन, पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जी भीती होती तिच्यावर मला चिडता आलं नाही. ती माझीच भीती होती. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात न देता खाली जमिनीवर ठेवली.

"पोर तुन्हं शे," त्या म्हणाल्या. "तू पाह्य."

मी कापड काढलं. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत गल्लीची रुंदी ती काय! पण मी ती ओलांडत होते तेव्हा मला वाटत होतं, मी माझ्या मुलाला मारायला निघाले आहे. खोटं कशाला सांगू? आज पोरं हसतात, म्हणतात, आजी, असं कुठं असतं का. असेल, नसेल. तेव्हा माझ्या पायांना ते खरं होतं. पाय मागं ओढत होते आणि मी त्यांना पुढं रेटत होते. मनात एवढंच म्हणत होते, घ्यायचं असेल तर मला घे, त्याला नको.

भाभी मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. समोर अंगणात रंगाऱ्यानं भट्टी पेटवली होती. किती दिवसांनी ती पेटली होती. मोठ्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळत होतं, त्यात त्यानं धुण्याचा खार टाकला होता, आणि काठीनं तो काहीतरी ढवळत होता. काठीला गुंडाळून वर आलं तेव्हा मी बघितलं. भाभीची निकाहची ओढणी. लाल. गल्लीतल्या सगळ्या बायांनी ती बघितलेली, त्यानंच तिच्यासाठी रंगवलेली. तो त्या ओढणीचा रंग काढत होता. पोरीसाठी ती पांढरी करत होता.

मी भाभीसमोर बसले आणि कापड तिच्यापुढं ठेवलं. "घे," म्हटलं. "कोरं आहे."

तिनं कापडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळे सुजून लाल झालेले, तरी ती शुद्धीवर होती, माझ्याहून जास्त. कापडाचं टोक तिच्या पावलांपर्यंत आलं होतं. तिनं पाय जवळ ओढून घेतले.

"जावळ निंघनं का त्यानं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग परत लई जाय."

"भाभी, माझी शपथ आहे. मी विचार करूनच आणलंय. सासूबाईंना सांगून आणलंय."

"तुन्ही सासू काय सांगी? मी सांगस ना. लई जाय." आणि मग तिचा आवाज फाटला. "मन्ही गई, बहीन. तुन्हा तरी ऱ्हाऊ दे."

मी तिच्या अंगावर कोसळले. तिनंच मला धरलं. तिची लेक आत चटईवर, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सांगा मला, याला काय म्हणायचं?

अंगणात रंगाऱ्यानं काठी वर उचलली. ओढणीचा लाल रंग गेला होता, पण पांढरी ती झाली नव्हती. गुलाबी राहिली होती. त्यानं पुन्हा पाण्यात बुडवली, पुन्हा खार टाकला, पुन्हा ढवळली, पुन्हा काढली. तशीच. "नहीं उतरता," तो म्हणाला, कुणालाच नाही. "पक्का बनाया था."

भाभी तिथून म्हणाली, "रहने दो. ले आओ."

त्यानं ती पिळली. झटकली. तेवढ्यात आमच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. मला आलं नाही, तिला आलं. तिनं मला खांद्याला धरून उठवलं, कापड मीच उचलावं म्हणून वाट बघितली, आणि मी उचललं तेव्हा म्हणाली, "रडी ऱ्हायना तो. भूक लागनी व्हई. जाय, पाज त्याले."

मी गेले. आत्याबाईंनी माझ्या काखेतलं कापड बघितलं आणि बाळ माझ्याकडे दिलं. मी बाळाला घेऊन उंबऱ्यात बसले आणि त्याला पाजायला घेतलं. समोरून बापानं लेकीला दोन्ही हातांवर बाहेर आणलं. ओढणी अजून ओली होती, तिचं पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. माणसं मागं चालायला लागली. भाभी दारात उभी राहिली. गल्लीच्या वळणापर्यंत तो गुलाबी रंग मला दिसत होता, आणि मला ओरडून रडायचं होतं, पण बाळ दचकेल म्हणून मी दात आवळून बसून राहिले. ते पोटभर प्यायलं आणि झोपलं.